मागच्या डाव्या दाराचा हट्ट : सेंट्रल लॉकिंगच्या नोंदी

शनिवार, ६ जानेवारी २०२४

चार दारांची जुनी गाडी आणि सेंट्रल लॉकिंगच्या दोन तक्रारी. पहिली तक्रार अशी की मागचं डावं दार रिमोटचं कधी ऐकतं, कधी नाही. बाकीची तिन्ही 'खट्' करतात, हे गप्प बसतं. दुसरी जास्त चिडवणारी आहे. लॉकचं बटण दाबलं की चारही दारं लॉक होतात आणि लगेच आपोआप अनलॉक होतात. हे रोज होत नाही. दिवसातून एखाद्या वेळी होतं, तेही नेमकं आपण पाठ फिरवून चार पावलं गेल्यावर.

दोन्हींचं मूळ एकच असावं असा माझा अंदाज आहे. (नंतरची भर: नव्हतं.)

मुलीला मदतीला घेतलं. तिने रिमोट दाबायचा, मी दाराला कान लावून बसायचं. मागचं डावं दार उघडं ठेवून दहा वेळा दाबलं, दहाही वेळा आतली मोटर वाजली. दार बंद करून दहा वेळा दाबलं, चारदाच वाजली. "बाबा, बंद केलं की रुसतंय ते," ती म्हणाली. मी आकडे वहीत उतरवले आणि पुढे गेलो. तिथेच थांबून विचार केला असता तर दोन आठवडे वाचले असते.

फ्यूज पाहिला, शाबूत आहे. तसाही तो चारही दारांना सामाईक, गेला असता तर चारही मुकी झाली असती. रिलेंचंही (विजेने चालणारे स्विच) तेच. म्हणजे या दाराचा दोष दाराच्या आत किंवा दाराकडे जाणाऱ्या वायरीत असणार.

रविवार, ७ जानेवारी

काच पूर्ण वर चढवून, बॅटरीचं मायनस काढून डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उतरवलं. एक स्क्रू हँडलच्या वाटीत झाकणाखाली, दोन आर्मरेस्टमध्ये, बाकी सगळ्या क्लिपा. क्लिपा खालच्या कडेपासून सोडवत वर जायचं असतं. मी मधूनच ओढलं, दोन तुटल्या.

पॅडच्या मागे काळ्या चिकट पट्टीने डकवलेला प्लास्टिकचा कागद असतो. अनेक जण तो फाडून टाकतात. काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या आत येतंच आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते पॅडवर आणि गाडीच्या फरशीवर येऊ नये म्हणून हा कागद असतो. जपून सोडवला.

आज विजेला हातही लावला नाही. दुपारभर फक्त लॅच, म्हणजे दार धरून ठेवणारी खटक्याची यंत्रणा, पाहत बसलो, आणि इतकी वर्षं डोक्यात असलेली एक चुकीची समजूत गेली. मला वाटायचं, लॉक केलं की घराच्या कडीसारखा एखादा लोखंडी दांडा आत सरकतो आणि दार अडकवतो. तसं काही नसतंच. दार धरून ठेवण्याचं काम लॅच नेहमीच करत असतो, लॉक असो वा नसो. गाडीच्या खांबावर जाड तारेच्या कमानीसारखा स्ट्रायकर असतो. दार बंद होताना तो लॅचच्या फिरत्या जबड्यात शिरतो, जबडा फिरून त्याला कवेत घेतो आणि एक छोटी खिटी स्प्रिंगच्या जोरावर जबड्याच्या दातात बसते. जबड्याला दोन दात आहेत. पहिल्यावर खिटी बसली तर दार अर्धवट लागतं, दुसऱ्यावर बसली तर पूर्ण. हँडल ओढलं की सळई खिटी उचलते आणि दार सुटतं.

मग लॉक काय करतं? हँडल आणि खिटी यांच्यातला दुवा बाजूला सरकवतं. हँडल ओढता येतं, सळई हलते, पण ती खिटीपर्यंत पोचतच नाही. म्हणून लॉक असलेल्या दाराचं बाहेरचं हँडल असं पोकळ, बिनजोर लागतं. मागच्या दाराचं चाइल्ड लॉकही याच चालीचं, फक्त ते आतल्या हँडलचा दुवा तोडतं.

यातून एक गोष्ट उलगडली. लॉकची मोटर एवढीशी का, हे कोडं होतं. दार अडवायचं नाही, नुसता एक हलका दुवा थोडासा सरकवायचा, त्याला ताकद किती लागणार!

एक फजिती. दार उघडं असताना पेचकसाने जबडा फिरवून पाहिला, खिटी बसली, छान वाटलं. मग तसंच दार लावायला गेलो. जबडा आधीच मिटलेला, स्ट्रायकर शिरणार कुठे? दार ठाणकन आपटून परत आलं. रंगाचा टवका उडाला तो उडालाच. बाहेरच्या हँडलची सळई मी काढून ठेवली होती, म्हणून आत बोट घालून खिटी उचलावी लागली.

शनिवार, १३ जानेवारी

मागच्या डाव्या दाराचा ॲक्च्युएटर, म्हणजे लॉकचा दुवा सरकवणारी मोटरची डबी, काढून टेबलावर घेतला. दोन स्क्रू, एक कनेक्टर, एक सळई. बॅटरीला थेट जोडला तर झटक्यात दांडा बाहेर. वायरी उलट्या जोडल्या तर झटक्यात आत. वीस वेळा केलं, वीसही वेळा चालला. म्हणजे ॲक्च्युएटर निर्दोष. खरं तर इथेच थांबायला हवं होतं, पण कवच उघडायचा मोह आवरला नाही.

आत खेळण्यातल्या गाडीत असते तशी छोटी डीसी मोटर. तिच्यापुढे प्लास्टिकच्या दातेरी चाकांची रांग. प्रत्येक चाक वेग कमी करतं आणि जोर वाढवतं. शेवटचं चाक एका दातेरी पट्टीला सरळ रेषेत ढकलतं, आणि तीच पट्टी बाहेर दिसणारा दांडा.

मला खटकत होतं ते असं: एवढ्या चाकांची रांग उलट्या बाजूने फिरवायला भलता जोर लागतो. मग आपण हाताने लॉकचं बटण वर-खाली करतो तेव्हा ते इतकं हलकं कसं? उत्तर मोटरच्या टोकाशी सापडलं. तिथे एक केंद्रोत्सारी क्लच आहे. मोटर जोरात फिरली की त्याचे तुकडे बाहेर फेकले जाऊन डबीच्या कडेला धरतात आणि चाकं फिरू लागतात. मोटर थांबली की ते आत येतात आणि चाकं मोटरपासून मोकळी होतात. त्यामुळे हाताने बटण उचललं तर चाकं फिरतात, पण मोटरला फिरवावं लागत नाही. वीज गेली, बॅटरी बसली तरी किल्लीने किंवा बोटाने दार उघडता यायलाच हवं, ही गरज एवढ्याशा भागाने भागवली आहे. ज्याने हे बसवलं त्याला सलाम.

सगळ्या गाड्यांत असं नसतं. काहींत मळसूत्र असतं, काहींत मोटर लॅचच्या आतच बसवलेली असते. जुन्या मर्सिडीज गाड्यांत तर हे काम निर्वातावर चालायचं. दारादारात रबरी पडदे, त्यांना जोडलेल्या बारीक नळ्या, आणि हवा खेचणारा किंवा भरणारा पंप.

आणखी एक प्रयोग. दांडा पूर्ण बाहेर आल्यावरही वीज चालूच ठेवली. अडकलेली मोटर साधारण साडेचार अँपिअर ओढत होती. काही सेकंदांत करंट आपोआप घसरला आणि मोटर मुकी झाली. घाबरलो. दोन मिनिटांनी पुन्हा जोडली तर ठणठणीत. मोटरबरोबर एक छोटी चकती आहे. ती तापली की तिचा रोध एकदम वाढतो आणि निवली की पूर्ववत होतो. मोटर जळू नये म्हणून ही सोय. पोरं मजेत वीस-पंचवीस वेळा बटण दाबतात आणि मग लॉक काही वेळ चालत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं.

रविवार, १४ जानेवारी

आज वायरी. मागच्या दाराच्या ॲक्च्युएटरला दोनच वायरी, निळी आणि हिरवी. एक प्लस आणि एक अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस बाजू) असं गृहीत धरून मीटर लावला आणि चक्रावलो. दोन्ही वायरी बॉडीला जोडलेल्या निघाल्या! तासभर शॉर्ट शोधत बसलो.

शॉर्ट नव्हता, रचनाच तशी आहे. सगळ्या दारांना हुकूम देणाऱ्या लॉकिंगच्या डब्यात दोन रिले आहेत, एक लॉकचा, एक अनलॉकचा. रिलेच्या ३० नंबरच्या पायावरून वायर दाराकडे जाते. रिले स्वस्थ असताना ३० हा ८७अ या पायाला जोडलेला, आणि ८७अ अर्थला. दोन्ही रिले स्वस्थ, म्हणून दोन्ही वायरी अर्थवर. लॉकचा हुकूम आला की फक्त लॉकचा रिले ओढला जातो, त्याचा ३० हा ८७ वर, म्हणजे बारा व्होल्टवर जातो. निळीवर प्लस, हिरवी अजून अर्थवरच, मोटर एका दिशेने फिरते. अनलॉकला दुसरा रिले ओढला जातो आणि प्लस-मायनस उलटे होतात. आमच्या डब्यात हा झटका साधारण अर्ध्या सेकंदाचा आहे.

झटका संपला की मोटरची दोन्ही टोकं पुन्हा अर्थवर, म्हणजे एकमेकांना जोडलेली. फिरती मोटर अशी जोडली की तीच वीज तयार करते आणि त्याच विजेने स्वतःला थांबवते. फुकटचा ब्रेक.

चारही दारांच्या मोटरी या दोन वायरींवर समांतर जोडलेल्या आहेत. चालकाच्या दारालाच पाच वायरी. दोन मोटरच्या आणि तीन आतल्या स्विचच्या. ते दार किल्लीने किंवा हाताने लॉक केलं की स्विच डब्याला कळवतो, "मी बंद झालो, बाकीच्यांना कर." ही ओळ लिहिताना दुसऱ्या तक्रारीची चाहूल लागली होती, पण तूर्त मागचं दार.

बुधवार, १७ जानेवारी

संध्याकाळी अर्धा तास. दाराच्या कनेक्टरवर मीटर धरला आणि दार बंद ठेवून आत बसलो. मुलीने बाहेरून रिमोट दाबला. अर्ध्या सेकंदाच्या झटक्यात आकडा स्थिरावत नाही, तेव्हा मीटर सर्वोच्च आकडा धरून ठेवण्यावर टाकला. १२.३ व्होल्ट. पुन्हा १२.३. ॲक्च्युएटर चांगला, वीज येतेय, तरी दार हलत नाही. डोकं बंद करून झोपलो.

शनिवार, २० जानेवारी

सापडलं.

मीटर खोटं बोलत नव्हता, मीच चुकीचा प्रश्न विचारत होतो. मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओम. त्यातून जवळपास काहीच करंट वाहत नाही, मग वाटेत दहा ओमचा अडथळा असला तरी मीटरला तो दिसणार कसा? मोटरला मात्र अँपिअरच्या हिशेबात करंट लागतो. दहा ओम वाटेत आले की तिच्या वाट्याला तीन-एक व्होल्टही उरत नाहीत.

म्हणून मीटर बाजूला ठेवून कनेक्टरवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला, पावणेदोन अँपिअर ओढणारा. दार उघडं, रिमोट दाबला: लख्ख. दार बंद: निखाऱ्यासारखा लालसर. ६ तारखेची "बंद केलं की रुसतंय" ही नोंद तेव्हा डोळ्यांसमोर आली. दार हलल्यावर वाकते ती वायर एकाच ठिकाणी, दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी बुटात, म्हणजे वायरी झाकणाऱ्या लवचीक नळीत.

बूट खांबाकडून सोडवून मागे सरकवला. बाहेरून सगळ्या वायरी साबूत. एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढली. निळी रबर बँडसारखी ताणली गेली. आतलं तांबं तुटलेलं, वरचं आवरण अखंड. आवरण कापलं तर दोन्ही टोकं नुसती टेकलेली आणि मधे हिरवट भुकटी.

आधी वाटलं एखादी तार शिल्लक असेल आणि तिच्यामुळे रोध वाढला असेल. मग गणित केलं: ०.२ मिलीमीटर व्यासाची एकच तार, दोन सेंटीमीटर लांब, तिचा रोध ओमचा शंभरावा भाग. एका तारेवरही मोटर झटकाभर आरामात चालली असती. म्हणजे दोष कमी तारांचा नाही, त्या गंजक्या टेकणीचा. दार उघडलं की टोकं एकमेकांवर दाबली जात, बंद केलं की सैल पडत.

दुरुस्तीत घाई केली नाही. तुटलेल्या जागीच सोल्डरचा डाग देऊन टेप गुंडाळणं सोपं, पण सोल्डर शिरलेली वायर कडक होते आणि डागाच्या कडेलाच पुन्हा तुटते. तीही रोज वाकणाऱ्या जागी. म्हणून बुटातला तुकडाच काढून टाकला, त्याजागी बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची लांब वायर घातली आणि दोन्ही जोड बुटाच्या बाहेर घेतले, एक खांबाच्या आत, एक दाराच्या आत. त्यावर हीट श्रिंक, तापवली की आक्रसणारी नळी. हिरवी वायर अजून चांगली होती, पण तिचंही वय तेवढंच, तीही बदलली.

दार बंद, बल्ब लख्ख. ॲक्च्युएटर बसवला. तीसपैकी तीस. मुलगी म्हणाली, "रुसवा गेला."

शनिवार, २७ जानेवारी

मागचं दार आठवडाभर बिनतक्रार. लॉक होऊन लगेच अनलॉक होणं मात्र तसंच, उलट वाढलंय. म्हणजे दोन वेगळे दोष.

संशय चालकाच्या दारातल्या पाच वायरींच्या ॲक्च्युएटरवर. आतला स्विच खराब असेल तर डब्याला चुकीची खबर जात असेल. तपासायच्या आधीच नवा मागवून टाकला. इतकं लिहून ठेवतो की मागवताना स्वतःवर खूश होतो.

गुरुवार, १ फेब्रुवारी

नवा बसवला. सात-आठ वेळा बरा चालला, मग पुन्हा तेच. जुन्याच्या स्विचवर मीटर लावला तर तो स्वच्छ काम करतोय. नवा आता सुटा भाग म्हणून कपाटात.

शनिवार, ३ फेब्रुवारी

यावेळी आधी नुसतं पाहायचं ठरवलं. पॅड काढलेलं, दार उघडं. ॲक्च्युएटरच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाने दोन खुणा केल्या: हाताने पूर्ण लॉक केल्यावर दांडा कुठे येतो, पूर्ण अनलॉकला कुठे. मग मुलीने डॅशबोर्डवरचं बटण दाबत राहायचं आणि मी खुणा पाहायच्या.

अनलॉकला दांडा दर वेळी खुणेवर. लॉकला मात्र खुणेच्या तीन-चार मिलीमीटर आधीच थांबतोय. कधी जेमतेम पोचतो, कधी पोचून स्प्रिंगसारखा मागे येतो. आतला स्विच पालटतो तो साधारण त्याच जागी. आता गोष्ट जुळते. डबा लॉकचा झटका देतो, चालकाचं दार अर्धवट लॉक होऊन मागे सरकतं, स्विच म्हणतो "मी उघडा आहे." डब्याच्या लेखी कुणीतरी किल्लीने दार उघडलं. तो इमानाने चारही दारं उघडतो. डबा बिचारा बरोबरच वागतोय, त्याला मिळणारी खबर चुकीची.

दांडा पोचत का नाही, याची दोन कारणं निघाली. लॅचवरचं जुनं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं. वर्षानुवर्षांची धूळ त्यात कालवलेली, चालकाचं दार सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं. आणि सळई धरणारी प्लास्टिकची क्लिप झिजून तिचं भोक लांबुळकं झालं होतं. मोटर ढकलायची त्यातले दोन मिलीमीटर त्या भोकातच जिरत होते. नव्या ॲक्च्युएटरने काही वेळ बरं वागायचं कारणही कळलं: त्याला जोर जरा जास्त. दोष तसाच, फक्त रेटून नेलेला.

लॅच क्लीनर मारून, ब्रश फिरवून धुतला, वाळवला आणि पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं लावलं. क्लिप नवी. ॲक्च्युएटर बसवायच्या पट्टीत लांबट खाचा आहेत, स्क्रू सैल करून तो दोन मिलीमीटर लॉकच्या दिशेला सरकवला. लॉकच्या टोकाला पोचल्यावर दांड्याला किंचित चाल उरली पाहिजे, तो ताणून बसता कामा नये, नाहीतर अनलॉकला कमी पडायचा. दोनदा मागे-पुढे करून जमलं.

ॲक्च्युएटर जुनाच परत बसवलाय. मुद्दाम.

पन्नासपैकी पन्नास. एकविसाव्या वेळी ती कंटाळली, उरलेल्या एकोणतीस वेळा मीच दाबलं.

रविवार, ४ फेब्रुवारी

रिमोटची रेंज मधल्या काळात कमी झाली होती, तेही हातासरशी पाहिलं. आतला सी-आर २०३२ सेल मीटरवर २.९ व्होल्ट दाखवतोय. यावेळी फसलो नाही. शंभर ओमचा रोध जोडून पाहिला, आकडा दोनच्या खाली घसरला. नवा सेल, रेंज पूर्ववत.

आमचा रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झचा. उत्तर अमेरिका आणि जपानकडच्या गाड्यांत ३१५ चालतात. प्रत्येक दाबाला तो वेगळा कोड पाठवतो, एकदा वापरलेला कोड गाडी पुन्हा मानत नाही. खिशात बटण चुकून दाबलं गेलं की रिमोटचा मोजणारा आकडा पुढे जातो आणि गाडीचा मागे राहतो, तेवढी तफावत धरून घेतलेली असते. कीलॉक (बदलत्या कोडची एक पद्धत) पद्धतीच्या रिसीव्हरांत साधारण सोळा दाबांपर्यंत गाडी बिनतक्रार मानते. त्याहून पुढे गेलं तर लागोपाठचे दोन कोड ऐकून जुळवून घेते. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी चिपच्या वीजवापरावरून या पद्धतीची गुपित किल्ली काढून दाखवली होती. माझ्या गाडीपुरता विचार केला तर चोराला मागच्या डाव्या दाराजवळ नुसतं थांबणं पुरलं असतं, ते निम्म्या वेळा उघडंच असायचं.

रविवार, ११ फेब्रुवारी

पॅड बसवली. तुटलेल्या दोन क्लिपांच्या जागी नव्या. प्लास्टिकचा कागद नव्या पट्टीने चिकटवून आधी पाण्याच्या पाइपाने काच भिजवली, आत थेंब नाही, मगच पॅड दाबलं. सगळं झाल्यावर टेबलावर एक स्क्रू उरला. तो कुठल्या दाराचा, दोघांनाही आठवेना. आर्मरेस्ट चारही हलवून पाहिल्या, घट्ट आहेत. डबीत घालून डबीवर तारीख टाकली.

मागच्या उजव्या दाराचा 'खट्' बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा येतो असं मुलगी म्हणते. मला ऐकू येत नाही. बुटातली निळी वायर ओढून पाहायची.